एक पन्नी, दोन पन्न्या

माझ्या हातचं एक इंजिन भर रस्त्यात जाम झालं होतं, आणि ते माझ्याच चुकीनं झालं होतं. हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या मलकापुरात ही गोष्ट सांगणारे बरेच आहेत आणि जो तो आपापल्या सोयीनं सांगतो. कोणी म्हणतं, पोरीच्या हाताला यश नव्हतं. कोणी म्हणतं, महागाचा माल आपल्याकडं टिकत नाही. दोन्ही साफ खोटं. माल चांगला होता आणि हातही चांगला होता. चूक माझी होती, तेव्हा ती सांगायचा पहिला हक्कही माझाच.

बस स्टँडच्या मागं गॅरेजवाल्यांची गल्ली आहे. तिथं चाचांचं बोअरिंगचं दुकान. चाचा म्हणजे माझे उस्ताद. नात्यानं कोणी नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना चाचाच म्हणते. ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली धावतो. धावून धावून सिलिंडर आतून झिजतो, मग गाडी धूर ओकायला लागते आणि चढावर दम टाकते. मिस्त्री तो सिलिंडर खोलून आमच्याकडं आणतो. आम्ही तो मशीनवर आतून केसभर कातून मोठा करतो आणि त्यात तेवढाच मोठा नवा पिस्टन बसवून देतो. एवढंच काम. पण हे एवढंच ज्याला नीट जमतं अशी माणसं अख्ख्या तालुक्यात दोन-तीन निघतील.

मी मोताळ्याकडच्या खेड्यातली. घरी कपाशी आणि सोयाबीन, आणि घरच्यांचं म्हणणं की पोरीनं मास्तरीण व्हावं. मी आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला. वर्गात मी एकटी मुलगी, आणि पास झाल्यावर दारोदार फिरले तेव्हाही एकटीच. गॅरेजवाले चहा पाजायचे, ताई म्हणायचे, आणि 'काही निघालं तं सांगू' म्हणून वाटेला लावायचे. चाचांनी चहा पाजला नाही. त्यांनी एक जुना सिलिंडर माझ्या हातात दिला आणि विचारलं, "क्या दिखता इसमें?"

मी आत बोट फिरवलं. वरच्या कडेपासून थोडं खाली बोट अडत होतं. म्हटलं, "इथं पायरी पडली. वरचा भाग तसाच राह्यला, खालचा झिजला."

"कल से आ जा," चाचा म्हणाले.

त्या 'कल'ला आठ वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं चाचांचे हात थरथरत होते. चहाचा कप बशीवर वाजायचा तसा मशीनचा दांडाही त्यांच्या हातात वाजायला लागला, तेव्हा ते स्वतःच बाजूला झाले. मशीन मी चालवायची आणि ते दारात स्टुलावर बसायचे. गल्लीतले मिस्त्री यायचे, माझ्या समोरून जायचे आणि सिलिंडर चाचांच्या मांडीवर ठेवायचे. चाचा तो माझ्याकडं द्यायचे. काम झालं की मी चाचांकडं द्यायची आणि मिस्त्री चाचांकडून घ्यायचे. चाचा दुकानात नसले की विचारायचे, "चाचा कुठी गेले?" आणि सिलिंडर परत घेऊन जायचे. अरे, दोन वर्षांपासून तुमचे सगळे सिलिंडर मीच कातून राह्यली, तुमच्या डोळ्यांदेखत! पण नाही. मधे चाचांची मांडी पाहिजेच.

चाचांची दोन्ही मुलं बाहेरगावी नोकरीला. त्यांचं म्हणणं, मशीन भंगारात द्या आणि आमच्याकडं चला. चाचांनी मला समोर बसवून सांगितलं, "मशीन मी तुलेच देईन. पण माह्यावर उपकार म्हून घेऊ नको. गल्ली तुह्या हातात सिलिंडर देत असंल तरच घे. नाहीतर नुसतं लोखंड पुसत बसशीन." पावसाळ्याच्या आत ठरवायचं, असंही म्हणाले. म्हणजे माझी आठ वर्षं गल्लीतल्या आठ-दहा मिस्त्र्यांच्या मर्जीवर टांगली गेली. मला त्याचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

त्याच हिवाळ्यात सोनाळ्याचा एक जण आला. संत्र्याची बाग असलेल्या घरचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, तोंडानं कमी बोलणारा. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल त्यानं टेम्पोत घालून आणली होती. अकोल्याच्या बाजूला मोकळ्या रानात मातीवरच्या शर्यती होतात, त्यात त्याला ती पळवायची होती. इंजिन नव्यानं, जास्त ताकदीचं बांधून पाहिजे होतं. चाचा म्हणाले, "माह्या हातून आता होत नाही. ही करंल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आता हा चहा मागवेल आणि निघेल. पण त्यानं फक्त विचारलं, "कधी देता?" बापा रे! तेवढ्या दोन शब्दांवर मी त्या गाडीसाठी जीव टाकायला तयार झाले.

मग सुरू झाला स्वस्त की भारी हा वाद. आणि वाद घालायला आमच्या समोरचा ट्रॅक्टर मिस्त्री होताच. ट्रॅक्टर आणि पाण्याच्या इंजिनांच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि तोंडाच्या कामात तर मुळीच नाही. गल्लीत कोणाचाही नट उघडला की हा बघायला हजर. त्यानं आमच्या टेबलावर कोपर टेकलं आणि निकाल दिला, "लोकल किट टाक. पिस्टन म्हंजे पिस्टन. फुटला तं दुसरा टाकू. आपल्याकडं चालते."

चालते! ह्या एका शब्दानं आमच्या भागाचं वाटोळं केलं आहे. पंप धूर ओकतो, चालते. दाराची कडी लागत नाही, चालते. पोरगी आठ वर्षं काम करते पण तिच्या हातात सिलिंडर देत नाही, तेही चालते. चांगला माल पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी खावा आणि आपल्या गाड्यांनी उरलंसुरलं चावत बसावं, हे कोणी ठरवलं? मी मिस्त्र्याला तोंडावर विचारलं, "काऊन? आपल्या माणसाचं हाड लोकल हाय का? गाडीवर बसणारा तं ओरिजिनलच हाय ना?"

तो हसला. "पोट्टी भल्लीच तापते बे," म्हणाला आणि गेला.

सोनाळ्याच्या त्या माणसाकडं सगळंच भारी घ्यायची ऐपत नव्हती. मी त्याला कागदावर दोन भाग करून दिले. जे फिरतं, जे घासतं आणि जे तापतं, ते सगळं भारी. पिस्टन, रिंगा, क्रँकचं बेअरिंग. मिनिटाला दहा-दहा हजार वेळा फिरणाऱ्या गोष्टीत मी लोकल माल टाकणार नव्हते, मग तो दुसऱ्या कारागिराकडं गेला असता तरी. जे नुसतं दिसतं ते सगळं स्वस्त. सीट जुनी. हँडल भंगारातलं. सायलेन्सर आपल्या गल्लीतल्या वेल्डरकडून पत्रा वळवून घेतला. टाकीला रंग लावायचा नाही म्हणून सांगितलं. गाडी दिसायला अगदी भिकारडी होणार होती, आणि त्याला ते पटलं. पुष्कळजण उलटं करतात. बाहेरून झगमग करतात आणि आत लोकल टाकतात.

पिस्टनाविषयी थोडं सांगावं लागेल, कारण घोडं तिथंच अडलं. बाजारात मिळतो तो साधा पिस्टन ओतीव असतो, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेला. शर्यतीच्या इंजिनाला घडीव लागतो. तो धातू दाबून घडवतात, म्हणून सहजासहजी फुटत नाही. असा घडीव पिस्टन मलकापुरात कोण ठेवणार? मी पुण्याच्या एका दुकानात फोन लावला.

"मले घडीव पिस्टन पायजे," मी म्हटलं आणि माप सांगितलं.

पलीकडून कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मॅडम, जे काम करणार आहेत ना, त्या दादांना फोन देता का?"

"दादा कोणी नाही. काम मीच करणार आहे."

"अच्छा. मग बघा, बॉक्समध्ये एक कागद असतो. तो वाचून बसवा हं. जमेल ना तुम्हाला?"

जमेल ना तुम्हाला! आठ वर्षं. किती सिलिंडर, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आणि हा मला विचारतो, जमेल ना. माझी कानशिलं गरम झाली. पार्सल आलं तेव्हा मी पिस्टन काढला, रिंगा काढल्या, आणि तो कागद न उघडताच त्याची घडी घातली. चाचांच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, स्टूल कायम डुगडुगायचं. ती घडी मी त्या पायाखाली सारली. चाचांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "अब ठीक बैठा." मला मोठं समाधान वाटलं.

आता आमची मोजायची रीत. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यात किंचित जागा सोडावी लागते, कारण तापला की पिस्टन फुगतो. ती जागा किती, हे चाचा पन्नीनं बघायचे. सिगारेटच्या पाकिटात चांदीसारखी पन्नी असते ना, तिची बोटभर पट्टी फाडायची, सिलिंडरमध्ये पिस्टनासोबत घालायची आणि हळू ओढायची. पट्टी अडखळत, पण न फाटता बाहेर आली की बसलं. फाटली तर अजून कातायचं. सळसळ निघून आली तर जास्त कातलं गेलं. चाचांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही, पण पानठेल्यावाला त्यांच्यासाठी रिकामी पाकिटं बाजूला ठेवायचा. एका पन्नीच्या मापावर त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि त्यांचं इंजिन परत आलेलं कोणाला आठवत नाही. मीही तेच शिकले. सोनाळ्याच्या गाडीलाही मी एक पन्नी लावली. अडखळत आली, फाटली नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की मशीन दोनदा पुसलं.

चाचणी सकाळी घेतली. मोताळ्याच्या रस्त्यावर एक लांब सरळ पट्टा आहे. मी आणि चाचा एका निंबाखाली उभे. समोरचा मिस्त्री बोलावलं नसताना आपल्या गाडीवर आलेला. सोनाळ्याच्या माणसानं डोक्यावर हेल्मेट चढवलं, कोपराला काही लावलं नाही. मी त्याला टोकायला हवं होतं, टोकलं नाही. गाडी सुटली आणि तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्यानं मूठ पूर्ण पिळली, गाडी आमच्या समोरून गेली, आणि पुढं जाऊन तो आवाज एकाएकी बंद झाला. मागचं चाक जागच्या जागी बसलं. गाडी आडवी झाली आणि तो रस्त्याच्या कडेला घसरत गेला.

मी धावले. चपला कुठं पडल्या ते कळलं नाही. तो उठून बसला होता. कोपर सोलून निघालं होतं, रक्त होतं, पण हात-पाय धड होते. मला बघून म्हणाला, "काही नाही झालं, ताई." मी तिथंच रस्त्यावर बसून रडले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या हातच्या इंजिनानं माणूस आपटला होता, रडणार नाही तर काय करणार?

गाडी टेम्पोत घालून गल्लीत आणली. सिलिंडर खोलायच्या आधीच सगळे गोळा झाले होते. मी तो उचलला आणि पिस्टन दिसला. चारही बाजूंनी ओरबाडलेला. म्हणजे तेल कमी पडलं नव्हतं, काही तुटलंही नव्हतं. पिस्टन तापून फुगला होता आणि त्याला फुगायला जागा नव्हती.

चाचांनी तो थरथरत्या हातात घेतला, फिरवून पाहिला. हळू आवाजात विचारलं, "पन्नी किती?"

"एकच, चाचा."

"आणि तो कागद?"

चाचा स्टुलावरून उठले, मी खाली वाकून पायाखालची घडी काढली आणि उघडली. तिसऱ्या ओळीतच होतं. घडीव पिस्टन साध्या पिस्टनापेक्षा जास्त फुगतो, म्हणून जागा जास्त सोडा. आणि किती सोडायची तो आकडा. आमच्या नेहमीच्या जागेच्या जवळपास दुप्पट. पुण्याच्या त्या माणसानं सांगितलं होतं, कागद वाचा. मी त्याच्या बोलण्याच्या ढंगावर जळले आणि त्याचं बोलणं फेकून दिलं. माझ्या मस्तीपायी एका माणसाचं कोपर सोललं.

समोरचा मिस्त्री माझ्या जवळ सरकला. आवाज खाली घेऊन, अगदी मायेनं म्हणाला, "हे पाह्य, टेन्शन घेऊ नको. पार्ट डुप्लिकेट निघाला म्हून सांगून टाक. आमी समदे तेच सांगतो. कोणी इचारत नाही."

खरंच कोणी विचारलं नसतं. आमच्या गल्लीची ही रीतच आहे. काही फाटलं, तुटलं, जळलं की 'डुप्लिकेट निघाला बावा' म्हणायचं आणि मान हलवायची. गिऱ्हाईकही मान हलवतं. सोनाळ्याचा तो माणूस कोपराला फडकं गुंडाळून दारात उभाच होता. त्यानंही मान हलवली असती. आणि मी कबूल केलं तर काय होणार ते मला दिसत होतं. जे मिस्त्री चाचांच्या मांडीशिवाय सिलिंडर देत नव्हते, ते आता काय देणार होते? मशीन भंगारात, मी मोताळ्याला.

पण मला त्या क्षणी मिस्त्र्याचा इतका राग आला की बस. माझ्या पिस्टनाला डुप्लिकेट म्हणतो! आयुष्यात पहिल्यांदा गल्लीत खरा माल आला आणि आम्ही त्यालाच खोटं ठरवायचं? मी पिस्टन हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पार्ट एक नंबर होता. माप माझं चुकलं. कागद दिला होता तो मी वाचला नाही, स्टुलाखाली लावला. हा पाह्या."

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. एकेक जण आपापल्या दुकानात निघून गेला. सोनाळ्याच्या माणसानं दारातूनच विचारलं, "मंग आता?"

"आता नीट करते. दुसरा पिस्टन माझ्या पैशानं."

त्या पिस्टनाला किती पडले ते कोणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही.

गल्ली पांगल्यावर चाचा म्हणाले, "बेटा, आता लोकल टाक. एका पन्नीत बसतो, तुझा हात त्यावर बसलेला हाय. जोखीम नको. गल्ली पाहून राह्यली."

"गल्ली पाहून राह्यली म्हणून मी त्याच्या गाडीत हलका माल टाकू? तो पडला तेव्हा गल्ली पडली का?" मी तडकले. आणि मग माझ्या जिभेवर जे यायला नको ते आलं. "पन्नीचा जमाना गेला, चाचा. पन्नीनंच घात केला."

चाचांनी रुमालानं स्टूल झटकलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मी एकटीच दुकान उघडून बसले, आणि गल्लीतलं एक कुत्रंही आत आलं नाही. मला कळत होतं मी काय बोलले ते. पन्नीनं घात केला नव्हता. पन्नी जे सांगायची ते आजवर बरोबरच सांगत आली होती. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

मी पुण्याला परत फोन लावला. त्याच आवाजानं उचलला. म्हटलं, "तुमचा कागद बरोबर होता, मी वाचला नाही, इंजिन जाम झालं. सिलिंडर आता अजून कातावा लागंल, तेव्हा एक साइज मोठा पिस्टन पाठवा. आणि सगळ्यात चांगला मायक्रोमीटर असंल तर तोही." तो म्हणाला, "पाठवतो, मॅडम. आजच पाठवतो." ह्या वेळी त्यानं दादाला मागितलं नाही.

केसाहून बारीक जाडी मोजणारा तो मायक्रोमीटर आला त्या दिवशी मी तो घेऊन चाचांच्या घरी गेले. त्यांच्या समोर पेटी उघडली. चाचांनी त्याला हात लावला नाही. खिशातून सिगारेटचं रिकामं पाकीट काढलं, त्यातली पन्नी फाडली आणि माझ्याकडं धरली. "इसको नाप."

मी पन्नी मायक्रोमीटरच्या दोन टोकांत धरली आणि हळू बंद केलं. आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. ओतीव पिस्टनाला जेवढी जागा पुस्तकात लिहिलेली असते, बरोब्बर तेवढी पन्नीची जाडी होती.

"कितना?" चाचांनी विचारलं. त्यांना ते बारीक आकडे दिसत नाहीत.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पन्नी माझ्या हातातून घेतली, मधोमध घडी घातली आणि परत धरली. मी मोजलं. कागदावरच्या आकड्यात आणि तिच्यात नखाएवढाही फरक नव्हता.

"मंग दोन लाव," चाचा म्हणाले. "जमाना गेला म्हणते."

मी त्यांच्या पायाशी बसले. माफी मागितली, नीट शब्दांत. त्यांनी डोक्यावर टपली मारली आणि आतून चहा मागवला. आठ वर्षांत त्यांनी मला पाजलेला तो पहिला चहा. मशीनवर दुसऱ्यांदा सिलिंडर चढवला तेव्हा मी आधी मायक्रोमीटरनं मोजलं, मग दोन पन्न्या लावल्या. अडखळत आल्या, फाटल्या नाहीत.

शर्यतीला अर्धी गल्ली टेम्पो करून आली होती. माझ्या प्रेमानं आली नव्हती, हे मला ठाऊक होतं. ऊन मरणाचं होतं, मातीचे लोट उठत होते. रंग न लावलेली ती भिकारडी गाडी चकाचक गाड्यांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. सोनाळ्याच्या माणसानं ह्या वेळी कोपराला आणि गुडघ्याला पॅड बांधले होते. बांधल्याशिवाय मी किक मारू दिली नसती. सगळ्या फेऱ्या तो मूठ पिळूनच होता. गाडी एकदाही दमली नाही. नंबर पाचवा आला. पहिला आला असता तर ही गोष्ट सांगायला जास्त गोड झाली असती, पण पाचवा आला आणि मी मैदानाच्या दोरीपाशी उभी राहून ओरडून घसा बसवून घेतला.

परत आल्यावर मी सिलिंडर खोलला. आतली भिंत स्वच्छ होती, तेल धरून राहावं म्हणून मी घातलेल्या बारीक रेघा जशाच्या तशा. चाचांनी आत बोट फिरवलं. "हाव," एवढंच म्हणाले.

मग दिवस गेले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. कोणी येईना. चाचांच्या मुलांचा फोन आला, भंगारवाला केव्हा पाठवू म्हणून. चाचा स्टुलावर बसून रस्त्याकडं बघत होते आणि मी मशीनला तेल देत होते.

शुक्रवारी समोरचा मिस्त्री आला. खांद्यावर पाण्याच्या इंजिनाचा जाडजूड सिलिंडर. चाचांनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. मिस्त्री त्यांच्या बाजूनं आत शिरला आणि सिलिंडर माझ्या टेबलावर ठेवला, धाडकन्.

मी हात पुसले. "काऊन? मी तं शर्यत जिंकली नाही."

"शर्यत गेली उडत." तो माझ्याकडं बघत नव्हता, सिलिंडरवरचं ग्रीस अंगठ्यानं पुसत होता. "इतकी वर्षं झाली, डुप्लिकेट निघाला, डुप्लिकेट निघाला, हेच सांगून राह्यलो. आता कोणाचं खरं कोणाचं खोटं, माह्यं मलेच कळत नाही. तुह्या हातून चुकलं तं तू सांगशीन. एवढं माईत झालं आता."

त्याच्यासमोर रडायचं? छे. मी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, पायरी शोधली, आणि म्हटलं, "सांगीन. पण ह्याच्यात लोकल पिस्टन आणला असंल तं परत घेऊन जाय."

"ओरिजिनल हाय वं माय," तो म्हणाला आणि खिशातून बॉक्स काढून माझ्या हातात दिला. आतला कागद त्यानं वर काढून ठेवला होता.

चाचा स्टुलावरून उठले. त्यांनी स्टूल उचललं, आत आणलं आणि माझ्या टेबलापाशी ठेवून दिलं. मी त्याच्यावर बसते आता. ते अजून डुगडुगतं, आणि मी त्याच्या पायाखाली काही लावत नाही.